गजावरची खूण

(पेनसिल्व्हेनियातला डोंगर, पायाखाली बर्फ, नव्या वर्षाचा पहिला दिवस. नाताळ सरला की इथं हरणामागं जायचं ते फक्त चकमकीची, ठासणीची जुनी बंदूक घेऊन. बाकी बंदुकांना मनाई. सत्तरी ओलांडलेली व्हर्ना आणि तिचा जावई एडी, दोघांकडं अशी एकेक बंदूक. एडीनं असल्या बंदुकीचा पहिलाच बार आत्ता काढलाय. धूर अजून दोघांच्या नाकात आहे.)

व्हर्ना : डोळे मिटलेस.

एडी : नाही मिटले.

व्हर्ना : मिटलेस. गारगोटीची ठिणगी उडाली आणि नव्या नवरीसारखं तोंड फिरवलंस. बार नंतर झाला. मधल्या वेळात नळी कुठं बघत होती ते त्या हरणीलाच विचार.

एडी : तुम्ही माझ्या मागं होतात. माझे डोळे दिसले कुठं तुम्हाला?

व्हर्ना : दिसायला कशाला हवं? चाप ओढल्या ओढल्या हुश्श केलंस, ते ऐकलं मी. बंदुकीला दुर्बीण लावून शिकार करणारे सगळे तसलेच. बोट हललं की काम संपलं! इथं बोट हलल्यावर काम सुरू होतं, जावईबापू. आधी ठिणगी, मग बाहेरच्या पेल्यातली चिमूटभर दारू, म्हणजे रंजक, मग नळीतली दारू. तेवढा वेळ नेम धरून मुकाट उभं राहायचं. शिकायचं असतं ते एवढंच. बाकीचं शेंबडं पोरही करतं.

एडी : पण लागली तिला. पाय ओढत गेली.

व्हर्ना : मग उभा काय राहिलायस? आधी बंदूक भर. रिकाम्या बंदुकीनं मागं जायला तू काय तिला घरी सोडायला निघालायस?

एडी : भरतोच आहे. तुम्ही जरा गप्प बसलात तर…

व्हर्ना : मी गप्प बसले असते तर माझा नवरा मेहलन जन्मभर गोळ्यांनी झाडांच्या साली काढत बसला असता. मेहलनची बंदूक आहे ती, कुदळ नव्हे. हळू धर.

एडी : देवमाणूस होते ते. मला एक शब्द कधी वाकडा बोलले नाहीत.

व्हर्ना : त्याला तुझी कीव यायची. मला येत नाही. तुमच्या खाणीच्या गावाकडं हरणं मारतात तरी कशी रे? ट्रकच्या खिडकीतून?

एडी : आमचे वडील तशीच मारायचे. ट्रक चालू ठेवून.

व्हर्ना : आणि सांगतोयस वर! ग्लेंडाला मी म्हटलं होतं, डोंगराच्या अलीकडची सगळी मुलं काय पटकीनं गेली का?

एडी : ग्लेंडानं मला सांगितलंय ते. लग्नाच्या दिवशीच. ते जाऊ द्या. आज रात्री जेवायला बसल्यावर हार्वी मेहलनबाबांच्या रिकाम्या खाटेचा विषय काढणार. तुम्ही काय सांगणार आहात?

व्हर्ना : माझा दीर विचारेल तेव्हा त्याला सांगेन. तुला कशाला आत्ता?

एडी : इतकी वर्षं झाली, वरच्या शिकारीच्या कॅबिनमध्ये मी अजून चुलीपाशी जमिनीवर झोपतो. कुत्र्याच्या शेजारी. कुत्र्याला गादी आहे.

व्हर्ना : कुत्रा रक्ताचा माग काढतो. हे बघ, कॅबिनचा नियम मी केलेला नाही. जो भरलेली बंदूक घेऊन डोंगर चढतो आणि चार लोकांत सांगता येईल अशी शिकार करतो, त्याला खाट. ज्याला जमेनासं होतं, त्यानं खाट सोडायची आणि खाली घरी बसून कोबी आंबवायचा. हार्वीच्या सासऱ्यालासुद्धा सोडावी लागली. रडला म्हातारा. तुझ्यासाठी कोण नियम बदलतंय? गोळी खाली बसली का?

एडी : बसली.

व्हर्ना : ठासायच्या गजावरची खूण बघितलीस? मेहलननं कोरलेली? नळी नीट भरलेली असली की खूण बरोबर तोंडाशी येते. रिकामी असली की गज पार तळाला जातो आणि खूण आत बुडते. सकाळी सांगितलं होतं. कुणाचीही बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा गज टाकून बघायचं.

एडी : आली खूण.

व्हर्ना : बघितलीस?

एडी : आली म्हटलं ना! चला.

व्हर्ना : हो पुढं. मी खांद्याला धरते.

एडी : का? काय झालं?

व्हर्ना : बर्फ निसरडा आहे. आणि तुझ्या खांद्याचा याहून बरा उपयोग मला सुचत नाही.

एडी : इथं रक्त आहे.

व्हर्ना : कसलं?

एडी : हे काय. बघा ना.

व्हर्ना : मीच बघायचं तर तू आलास कशाला? रंग सांग.

एडी : लाल.

व्हर्ना : वा! मला वाटलं यंदा निळं निघालंय. अरे, फेसाळ की गडद?

एडी : गडद. थेंब थेंब पडलंय. फेस नाही. केसही आहेत. पांढरे, आखूड.

व्हर्ना : पोटाखालचे. म्हणजे नळी खाली झुकली. म्हणजे डोळे मिटलेस. ही लांब जायची नाही आणि लवकर मरायचीही नाही. असं कुणालाच मरू द्यायचं नसतं, कळलं का? चल. आणि पाय आपटू नकोस, परेड नाही ही.

एडी : माग खाली उतरतोय. ओढ्याकडं.

व्हर्ना : ओढ्यापलीकडं बर्नहार्टची जमीन. तिथं पाऊल टाकलेलं त्याला चालत नाही. ती पलीकडं गेली तर तू काठावर उभा राहून टोपी काढ, बस… थांब. डावीकडं. ऐकलंस?

एडी : काहीच नाही ऐकलं. थांबा. हो! ती बघा, पडलेल्या ओकच्या मागं. बसलीय. मान वर आहे. आपल्याकडंच बघतेय.

व्हर्ना : ओढ्याच्या अलीकडं ना?

एडी : अगदी काठावर.

व्हर्ना : मग रंजक घाल आणि सोडव तिला. डोळे उघडे. उघडे म्हणजे उघडे.

एडी : हां. धरला नेम.

व्हर्ना : …हे काय? नुसतं फुस्स?

एडी : रंजक पेटली. बार नाही झाला.

व्हर्ना : पेल्यातून नळीत जाणाऱ्या छिद्रात सुई घाल, मोकळं कर. पुन्हा रंजक.

एडी : केलं. थांबा… पुन्हा तेच.

व्हर्ना : एडी, गोळीच्या आधी दारू ओतलीस?

एडी : तुम्ही बोलत होतात.

व्हर्ना : मी बोलत होते! मी बोलत होते म्हणून हा गोळी कोरडीच ठासून आला! अरे, दारूचं शिंग तुझ्या छातीवर लोंबतंय, ते काय दागिना म्हणून? आणि खूण आली म्हणालास, त्या वेळी काय बघत होतास? ढग?

एडी : ती उठायला बघतेय. तुमची बंदूक द्या.

व्हर्ना : नाही.

एडी : आई, द्या!

व्हर्ना : माझी बंदूक मी कुणाला देत नाही.

एडी : मग तुम्ही मारा! इतक्या जवळ आहे, काठीनंसुद्धा मारता येईल!

व्हर्ना : तुझी घाण तू निस्तर. माझ्याकडं बघू नकोस. छिद्राकडं बघ. बारीक दारू घे, रंजकेची. सुईच्या टोकानं छिद्रातून आत ढकल. चिमूट चिमूट. घाई केलीस तर सांडेल.

एडी : मान टाकली तिनं. नाही, पुन्हा उचलली.

व्हर्ना : मला सांगू नकोस ते. दारू ढकल. आणखी. आता पेल्यात घाल. गज बाहेर आहे ना? गोळी समोरच्या बर्फात झाडून टाक.

एडी : उडाली. पडली तिथंच.

व्हर्ना : पडू दे. नळी मोकळी झाली. फुंकर मार आणि आता माणसासारखी भर. मोठ्यानं सांगत.

एडी : दारू.

व्हर्ना : हं.

एडी : चिंधीत गोळी. गज. खूण तोंडाशी. बघितली, आई. डोळ्यांनी बघितली. रंजक. झाकण खाली.

व्हर्ना : जा जवळ. मानेच्या मुळाशी. बार झाला तरी नेम सोडू नकोस, तो धूर जाईपर्यंत… हां. झालं?

एडी : झालं.

व्हर्ना : नक्की? डोळे कसे आहेत तिचे?

एडी : उघडे. हलत नाहीत.

व्हर्ना : मग ठीक. दोर काढ. वर ओढत न्यायची आहे.

एडी : आधी एक विचारायचंय. ती तिथं मान टाकत होती, उचलत होती. तुमच्या हातात बंदूक होती. का नाही झाडलीत?

व्हर्ना : तुला अक्कल यावी म्हणून.

एडी : तिच्या जिवावर? असं कुणालाच मरू द्यायचं नसतं, हे कोण म्हणालं मघाशी?

व्हर्ना : तोंड सांभाळ.

एडी : नाही सांभाळत. मला बोला, माझ्या बापाला बोला, आमच्या सगळ्या गावाला बोला, मी ऐकून घेतो. पण आज ती तडफडत होती आणि तुम्ही उभ्या राहून मला धडे देत होतात. नको मला तुमची खाट. कुत्रा बरा. द्या ती बंदूक, मी दोन्ही खांद्याला लावतो. तुम्ही नुसत्या चाला.

व्हर्ना : मी घेईन माझी.

एडी : द्या म्हटलं. पडाल कुठंतरी.

व्हर्ना : एडी, ठेव ती. गज काढू नकोस. कशाला काढतोयस?

एडी : दुसऱ्याची बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा गज टाकून बघायचं. तुम्हीच… आई?

व्हर्ना : काय आहे?

एडी : तळाला गेला. खूण आत बुडाली.

व्हर्ना : गज जागेवर ठेव.

एडी : हिच्यात काहीच नाही. दारू नाही, गोळी नाही. म्हणून सकाळी भरताना माझ्याकडं पाठ केली होती तुम्ही.

व्हर्ना : झालं समाधान? आता वर जाऊन घंटा वाजवून सगळ्यांना सांग.

एडी : कधीपासून?

व्हर्ना : पानगळीपासून. ज्याच्याकडं बघावं तेच नाहीसं होतं. कडेकडेचं सगळं दिसतं, झाडं, तुझे कान. मधोमध काही नाही. डॉक्टर म्हणाला, आता हे वाढतच जाणार. तुझं तोंड आत्ता मला दिसत नाहीय, आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाहीय.

एडी : म्हणून रक्ताचा रंग विचारत होतात.

व्हर्ना : मग काय चव घेऊ? भरलेली असती तर मी तुला तिथल्या तिथं दिली असती, मूर्खा. तिचा श्वास ऐकू येत होता मला. तुला यायचा नाही, मला येत होता. पण दिसत नसताना भरलेली बंदूक घेऊन माणसांत फिरायचं? तेवढी नीच मी नाही.

एडी : ग्लेंडाला माहीत आहे?

व्हर्ना : कुणालाच नाही. हार्वीला कळलं तर पुढच्या वर्षी माझी खाट गेली. डोंगर गेला. मग मी खिडकीत बसायचं, आणि खिडकीसुद्धा मधोमध दिसायची नाही. बोल, काय हवंय तोंड बंद ठेवायला? मेहलनची खाट? दिली.

एडी : मला तुमच्याकडून काही नकोय.

व्हर्ना : एवढा ताठा कुठून आला? मघाशी तर बंदूक भरता येत नव्हती.

एडी : जेवताना मी खरं तेच सांगणार. पहिली गोळी खाली गेली, डोळे मिटले म्हणून. दुसऱ्या वेळी दारूच घातली नाही. तिसऱ्या वेळी मारली.

व्हर्ना : आणि माझं?

एडी : तुमचं काय सांगायचं? तुम्ही दिवसभर मला शिव्या दिल्या. त्यात हार्वीला नवीन काय वाटणार?

व्हर्ना : …शर्ट कापतील तुझा. माहीत आहे ना? पहिल्या बाराला नेम चुकला की शर्टाचा मागचा घोळ कापून भिंतीवर खिळ्यानं ठोकतात. नाव घालून. नातवंडं येऊन हसतात.

एडी : कापू देत. भिंतीवर तरी जागा मिळेल.

व्हर्ना : हार्वी पाहुण्यांचे कापतो. वळ.

एडी : आत्ता? इथं?

व्हर्ना : मेहलनचा मी कापला होता. घरच्या माणसाचा घरच्यांनी कापायचा असतो. वळ म्हटलं ना, शर्ट बाहेर काढ. सुरी माझ्या हातात आहे.

एडी : आई, तुम्हाला दिसत नाहीय.

व्हर्ना : चाचपून कापते. हललास तर शर्टाबरोबर आणखी काहीतरी भिंतीवर जाईल.

एडी : गार लागतंय.

व्हर्ना : सुरी आहे, गारच लागणार. हं. निघाला. घे. सरळ गेलाय का? माझ्या हातचं काम हार्वी लांबून ओळखतो. मी वाकडं कधी कापत नाही हे त्याला माहीत आहे. वाकडं दिसलं तर तो विचारेल.

एडी : बघतो. जरा सुरी द्या.

व्हर्ना : सुरी कशाला? सरळ आहे का ते सांग.

एडी : सरळ आहे.

व्हर्ना : मग हे काय कापतोयस?

एडी : काही नाही. एक धागा लोंबत होता.