भिंतीवरची शकी

माझं माहेर, ताई, देवळाली प्रवरेचं. तिकडं पाटाचं पानी, उसाचा भाग, उन्हाळ्यातबी डोळ्याला हिरवं दिसायचं. आन दिलं कुठं, तर हितं घोडेगावला. बाजाराच्या दिवशी म्हशी, बैलं, मानसं, नुसता फुफाटा उडायचा, आन त्या फुफाट्यात आमच्या मालकांची चहाची टपरी, किराणा दुकानवाल्या शेठच्या भिंतीला टेकून पत्र्याचा आडोसा केलेला. लगीन झाल्यापासून मी त्याच भिंतीखाली चूल फुकत बसले.

पोर लवकर न्हाई झालं मला. सासूबाई बोलायच्या, मी ऐकायची. मग शकी झाली. नाव शकुंतला, पर तसं कुनी म्हनलंच न्हाई. टपरीतच वाढली ती, गोनपाटावर.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली नगरहून शब्बीर पेंटर आला. शेठच्या दुकानात बाळघुटीच्या बाटल्या यायच्या, त्या कंपनीची जाहिरात भिंतीवर काढायची हुती. कंपनीनं त्याला छापील कागद दिल्ता, त्यावर गोरंपान, गुबगुबीत लेकरू. पेंटर चहा पीत त्या कागदाकडं बघत बसला, मग मालकांना म्हनला, भाऊ, हे लेकरू बघून हितली बाई थांबायची न्हाई, तिला वाटंल ही सायबाच्या घरची घुटी. तुमच्या पोरीचं तोंड काढू का. मालक माझ्याकडं बघाय लागले. मी म्हनलं, काढा, पर गालाला काळी तीट लावा, रस्त्यावरची जागा हाय, येनाऱ्याजानाऱ्याची नजर पडती.

लावली त्यानं. आन काय सांगू तुमाला, शकी अशी उतरली, दोन दात दाखवून हसनारी. खाली मोठी अक्षरं काढली. मला वाचता येत न्हाई, मालकांना विचारलं, काय लिवलंय. ते म्हनले, ही घुटी पाजा, बाळ हसतं ठेवा. मी म्हनलं, आवं पर मी तर हिला कंदी पाजली न्हाई, मी आपली मुरडशेंग आन हळकुंड घरीच उगाळून देते. ते म्हनले, आता लिवलं त्यानं, त्याला काय करनार.

बाया थांबाय लागल्या. वर चित्रात पोर, खाली माझ्या मांडीवर तीच पोर. मला विचारायच्या, किती चमचे देता. मी म्हनायची, न्हाई वं बाई, मी न्हाई देत. तर हसायच्या, म्हनायच्या, नजर लागंल म्हनून लपवती, आन शेठकडं जाऊन बाटली घ्यायच्या. मी खरं बोलत हुते, पर माझ्या बोलन्यापरीस त्यांना भिंतीचं खरं वाटायचं.

मग दुष्काळ पडला. बाजारात जनावरं यायची ती नुसती हाडांची. त्यातच गावात गोवर आला. शकीच्या अंगभर उठला, ताप डोक्यात गेला, डोळे फिरवाय लागली. मी आन मालक तिला घेऊन नगरच्या दवाखान्याला निघालो, यष्टीनं. इमामपूरच्या घाटात गाडी चढत हुती, तिथंच मांडीवर पोरगी जड झाली. मी मालकांना सांगितलं न्हाई. पदर टाकून तशीच बसले. नगर आलं, सगळी मानसं उतरली, तवा त्यांनी पदर उचलला.

सुतक फिटलं, टपरी उघडावीच लागली, पोट हाय. गेले तर भिंतीवर शकी हसतीय. लोक चहा पिताना वर बघायचे. मग कुजबूज सुरू झाली, ह्या घुटीनंच गेली म्हनं पोरगी. चित्र तेच, अक्षरं तीच, आन ज्या भिंतीनं बाटल्या खपवल्या तिनंच खप बंद केला. मी सांगायची, गोवरानं गेली, घुटी पाजलीच न्हवती, कुनी ऐकंना. शेठ वाईट मानूस न्हवता. मान खाली घालून म्हनला, बाई, पुसावं लागंल. मी म्हनलं, शेठ, तिचा फोटो न्हाई माझ्याजवळ, येवढंच हाय.

शब्बीर पेंटर चुन्याची बादली घेऊन आला, वर बघितलं आन बादली खाली ठिवली. म्हनला, भाभी, अक्षरं तेवढी बदलतो. त्याच्याकडं तवा कुटुंब नियोजनाचं काम हुतं. त्यानं घुटीचं पुसलं आन लिवलं, पहिलं झालं, दुसऱ्याची घाई नको. भल्यासाठीच केलं त्यानं.

पर त्या अक्षरांनी माझं घर खायला घेतलं. गावात उठलं, चहावालीनं आप्रेशन करून घेतलं, म्हनून तर सरकारनं तिच्या पोरीचं चित्र ठिवलं. सासूबाई माझ्या हातचं पानी घेईनात. ल्योकाला म्हनल्या, दुसरी कर. मालक हो म्हनले न्हाईत, न्हाई म्हनले न्हाईत, ते गप बसनं मला लई लागलं. एक दिवस दुपारी गिऱ्हाईक न्हवतं, ते भिंतीकडं बघत म्हनले, मी रोज वाचतो, तुला वाचता येत न्हाई ते बरं हाय. मला वाटतं शकीच सांगती, माझ्या जागी कुनाला आनू नका. मी म्हनलं, तिला अजून धड बोलता येत न्हवतं, ती कशाला असं म्हनंल. तसे ते रडाय लागले, नगरला पदर उचलला तवाबी रडले न्हवते. मग उठले, चुना कालवला आन अक्षरांवर फासला. दुसरी केली न्हाई त्यांनी.

मग नुसती शकी राहिली. परगावची मानसं विचारायची, ही कशाची जाहिरात. मालक म्हनायचे, कशाची न्हाई, आमची पोरगी हाय. मानसं मान हलवायची आन तरीबी खाली काय लिवलंय का ते शोधायची.

पुढं ती भिंत बिडीवाल्यांनी जाहिरातीला घेतली. पेंटर आला, म्हनला, भाभी, पुसू ना. मला तवा दिवस गेल्ते. मी म्हनलं, पुसा. मालक बघतच राहिले. कारन त्यांना सांगितलं न्हाई, तुमाला सांगते. मला खरी शकी आठवंना झाली हुती. ती किरकिरी हुती वं, सारखी कडेवर लागायची, हसली तरी माझ्या खांद्यात तोंड घालून. पर डोळे मिटले की भिंतीवरचीच यायची, दात दाखवनारी. म्हनलं, ही गेली तर ती येईल. पुसली त्यानं. ती काय आली न्हाई.

आता दोन ल्योक हायेत, नातवंडं हायेत, मालक गेले. शेठचं दुकान पाडून तिथं दुमजली झालं. अजून डोळे मिटले की हसरीच येती. येऊ द्या, आता काय तिला परत पाठवू. तुमची लेकरं, ताई, जशी हायेत तशीच तुमच्या ध्यानात राहू द्या.