शाळेचा चुडा

हमीदाबी मनियार यांनी बांगड्या भरता भरता सांगितलेलं

पोरी शाळेत जाऊन बसल्या तर गवऱ्या काय मास्तर थापून देईन, असं यमुनामाय आतून कोनाले तरी म्हनली, अन् इकडे ओसरीवर तिच्या सुनेचा हात माह्या हातात होता, तो एकदम लाकडावानी झाला. मी म्हनलं कौसल्या, हात ढिला सोड, काच फुटीन. ती काही बोलली नाही. ती बोलतच नव्हती. लगन होऊन त्या घरात आली तवापासून तिच्या बांगड्या मीच भरत होती, पन तिचा आवाज कसा हाय असं मले कोनी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. हात मात्र डोळे बांधले तरी वळखला असता.

तुहाही हात तसाच हाय बेटा, लाजरा. ढिला सोड. डावा आधी भरते, उजवा तुले लिहायले मोकळा ठेवते. कुठून सांगू तुले?

माहा जलम मलकापूरचा. अब्बा मनियार, आजा मनियार. बांगड्यांच्या पेट्या रेल्वेनं येत, गवतात गुंडाळलेल्या. ठेसनावर पेटी उतरली की अब्बा मले पुढं करत, हमीदा ऐक. मी कान लावून पेटी हलवायची. माल धड असला तर आवाज गोड येते, आत चुरा झाला असला तर वाळू हलवल्यावानी येते. ऐकनं मी तिथं शिकली. मंग लगन होऊन इकडे आली, चिखलीच्या अंगाले, बैलगाडीनं सकाळी निघालं तर ऊन डोक्यावर येईपर्यंत चिखली. घरवाला बाजार करे, आज चिखली, उद्या देऊळगाव राजा, अन् मी घरोघर. काऊन की मानूस ओसरीपर्यंत जाते, मी चुलीपर्यंत जायची.

आता एक सांगते. ज्या घरात मले पानी वरून ओतत, लोट्याले हात लागू देत नव्हते, त्याच घरातली बाई आपला हात माह्या हातात देऊन बसे. अन् भरून झालं की वाकून मले नमस्कार करे. मी मुसलमान, ती कुनबी, तरी करे. मी त्याचा अर्थ लावत बसली नाही, रीत होती. आनखी एक रीत होती, हात अर्धा भरून बाईनं उठायचं नाही. अपशकुन समजत. घरात दूध उतू जावो, सासू हाका मारो, बाई उठत नव्हती अन् सासूही उठवत नव्हती. म्हनजे बांगड्या चढेपर्यंत ती बाई माही. तिले कोनी काही सांगत नव्हतं, फकस्त मीच सांगायची.

हेच त्या मास्तराच्या ध्यानात आलं. लय हुशार मानूस.

त्या वक्ताले आपला वऱ्हाड नागपुरासंगं जोडलेला होता, मध्यप्रांत अन् वऱ्हाड म्हनत. आमच्या गावाले कौन्सिलची, आता जिल्हा परिषद म्हनतात तशी, शाळा मंजूर झाली. मास्तर आला अकोल्याकडचा, पोरगाच होता, मिशीही नीट फुटली नव्हती. गावानं मंदिरापुढचा मंडप देऊ केला, तो म्हने नको, मंदिराच्या पायरीवर म्हारवाड्यातली पोरं कशी येतील अन् हमीदाबीच्या गल्लीतली कशी येतील. मंग एका व्यापाऱ्याचं कापसाचं कोठार मिळालं. सरकी झाडून झाडून त्याचे हात सोलले. पोरांचं काम सोपं झालं, बाप लोकाले वाटे की बाजारात कापूस देला तर पावतीवर काय लिहिलं ते घरच्या मानसानं वाचलेलं बरं. पोरींचं अवघड. अन् साहेब लोकानं तर सांगून ठेवलं होतं की शाळा उघडायच्या दिवशी पोरीही बसलेल्या दिसल्या पाहिजेत, नाहीतर शाळा शेजारच्या गावाले देऊ, तिथले लोक मांगूनच राह्यले.

मास्तर ओसऱ्या फिरला. सगळे म्हनत हाव मास्तर, हाव मास्तर, बसा, चहा घ्या. तो निघाला की पोरीच्या डोक्यावर शेनाची पाटी. मंग एक दिवस तो आमच्या दाराशी आला, खाली पाहूनच बोलला, हमीदाबी, मी जिथं थांबतो तिथून पुढं तुमची वाट सुरू होते, माह्या शाळेसाठी तेवढं चालान काय. मी म्हनलं मास्तर, मले तर एक अक्षर येत नाही, मी काय सांगू. तो म्हने तुम्हाले जे पटते तेवढंच सांगा. घरवाला हसला, म्हने घ्या, मनियारीन झाली मास्तरीन.

मले काय पटत होतं? मले हे पटत होतं की मी पेटीतला माल ऐकून सांगत होती, पन पेटीवर काय लिहिलं ते दुसऱ्याले विचारा लागे.

तर मी चालली. काय काय आवया उठल्या होत्या, आयकशीन तर हसशीन. कोनी म्हने पोरींचे केस कापतात. कोनी म्हने नागपूरले नेऊन दवाखान्यात कामाले लावतात. सोनाराची म्हातारी म्हने पोरगी वाचायले शिकली की नवऱ्याचं नाव मोठ्यानं वाचीन, मंग काय करता. मी म्हनलं माय, तुह्या नवऱ्याचं नाव तर गावातलं कुत्रंही घेते, त्याचं काय झालं. बाया पदर तोंडात घालून हसल्या. हसली की हात ढिला पडते, बांगडी सर्रकन चढते. मी घाई करत नव्हती. हात दाबत बसायची, अंगठ्याखालचं हाड आत दाबून घ्यायची, अन् सांगायची की दुपारच्या भाकरीले पोरगी घरी येते, पोरींची चटई वेगळी हाय, मास्तर आवाज चढवत नाही, कोठाराच्या दारातून घर दिसते. दोन हात भरून होईपर्यंत एका घराचं काम होये. काहीच्या घरी तीन तीन खेपा झाल्या.

यमुनामायच्या घरी मात्र काही चाले ना. वाईट बाई नव्हती ती, पन भ्यालेली होती. तिची नात शेवंता, कौसल्याची एकुलती, तिची सोयरीक देऊळगाव राजाले ठरली होती. पोरगी अजून दात पाडत होती, पन ठरली होती, तवा तसंच होतं. यमुनामाय म्हने पाहुन्याले कळलं की पोरगी शाळेत बसते तर ते म्हनतील आम्हाले कारकून नको, सून पाहिजे. मी शाळेचं नाव काढलं की कौसल्याचा हात आधी घट्ट होये, मंग हळूच एकदम ढिला, माह्या हातात सोडून देल्यावानी. तोंडानं काही नाही. पन मले कळे. या बाईले पाहिजे होतं. तिच्याएवढं गावात कोनालेच पाहिजे नव्हतं, अन् ते मले अन् खुदाले सोडून कोनाले ठाऊक नव्हतं.

उघडायच्या आदल्या दिवशी मास्तर म्हने, हमीदाबी, साऱ्या पोरीले सारख्या रंगाच्या बांगड्या भरून द्या, एका शाळेच्या दिसतील, पैसे मी देतो. मी म्हनलं चांगलं हाय. पेट्या उघडल्या. आता पाह्य बेटा, मोठ्या हाताच्या बांगड्या माह्यापाशी सगळ्या रंगाच्या, लाल, जांभळ्या, पिवळ्या. पन एवढ्या बारक्या हाताच्या, इतक्या पोरीले पुरतील अशा, फकस्त हिरव्या. काऊन, तर एवढ्या लहान पोरीले हात भरून बांगड्या गावात एकाच कामाले लागत. तवा ते माह्या मनात आलं नाही. नंतर आलं अन् पेटीपाशी बसूनच राह्यली.

कोठाराच्या अंगनात मी पोरी रांगेनं बसवल्या. यमुनामाय त्या दिवशी पहाटेच चिखलीच्या बाजाराले गेली होती. भरत भरत आली तर फाटकात कौसल्या उभी, शेवंताले घेऊन. आत आली, पोरीचा हात धरून माह्या हातात देला, अन् पदर वढून गेली. मी शेवंताचे दोन्ही हात भरले, घट्ट, मनगटाले बसतील असे. माहा नेम होता, मी भरलेली बांगडी साबन लावूनही उतरत नाही. लोक त्याची तारीफ करत.

दिवस उतरेपर्यंत गावभर झालं की मनियारनीनं पोरींचा चुडा भरला. हिरवा, रांगेनं बसवून, लगनात भरते तसा. टवाळ पोट्टे म्हनत, काय बे, नवरदेव कोन, मास्तर की फळा. तेवढं हसन्यावारी गेलं असतं. पन देऊळगावहून शेवंताच्या होनाऱ्या सासऱ्याचा भाऊ बैल पाहाले आला होता, त्याच्या कानावर गेलं. तो सरळ यमुनामायच्या अंगनात जाऊन उभा राह्यला. यमुनामाय नुकतीच बाजारातून आली होती, डोक्यावरची टोपली तशीच. मले बोलावनं आलं.

मी गेली तर अर्धं गाव भिंतीवर बसलेलं. पाहुना शांत मानूस, ओरडला नाही, तेच वाईट होतं. तो म्हनला, आमच्या पोरीला आमच्या आधी चुडा कोणी चढवला ते तेवढं सांगा, म्हणजे मी भावाला जाऊन सांगतो. यमुनामाय मले म्हने, हमीदा, काढ त्या. मी शेवंताचा हात धरला. तेल लावलं, दाबला, फिरवला. बांगडी हाडापाशी येये अन् थांबे. पोरगी रडत नव्हती, माह्याकडे पाहत होती. मी म्हनलं माय, उतरत नाही. आता उतरत नाही तर राह्यलं काय, फोडनं. अन् हिरव्या बांगड्या फोडतात कवा, ते तुले सांगायची गरज नाही. यमुनामायनं पायरीजवळचा बत्ता उचलला, पोरीच्या हाताकडे पाह्यलं, अन् बत्ता खाली ठेवला. फुटल्या तर अपशकुन, राह्यल्या तर सोयरीक जाते, अन् सोयरीक गेली की यमुनामाय शेवंताले उंबऱ्याबाहेर पाय टाकू देनार नाही, ना शाळा ना काही. मले वाटलं जमीन फाटावी.

तवा मागं चुलीपाशी भांडं ठेवल्याचा आवाज झाला. कौसल्या बाहेर आली.

थांब, आता उजवा हात दे. पेन ठेव खाली. हे आयकायचं हाय, मंग लिही.

शेवंता शाळेत गेली ते तर तुले गावात कोनीही सांगीन. साहेब लोक आले, कोठारात पोरी बसलेल्या पाहून गेले, शाळा गावातच राह्यली. चार वर्ग शिकली शेवंता. देऊळगाववाले तिचं शिकनं होईपर्यंत थांबले. तोच पाहुना म्हने भावापाशी भांडला, की थांबा, त्या घरात अशी माय हाय, तिथलीच पोरगी पाहिजे. पुढं शेवंता माह्या पेटीवरचं मले वाचून दाखवे. यमुनामाय गेली, मास्तराची बदली झाली, कोठाराच्या जागी पक्की इमारत झाली, एस.टी. तिच्यासमोरच थांबते, तू तिथंच उतरली असशीन. माहा घरवालाही गेला. डोळ्यानं आता नीट दिसत नाही, पन हात अजून ऐकतात. सकाळी पोरी चालल्या की मी दारात बसते, मनगटावर प्लास्टिकचं कायबाय असते, मी काही म्हनत नाही. खुदा त्याहिले सुखी ठेवो. तुलेही ठेवो, चांगली लिही, कौसल्याचं नाव लिही, माहं नाही लिहिलं तरी चालते. मी आयुष्यभर बोलत फिरली, पन माह्या साऱ्या बोलन्यानं जे झालं नाही ते ती एकदाच बोलली अन् झालं.

तर ती बाहेर आली. डोक्यावरचा पदर नीट केला. पाहुन्याकडे पाह्यलं नाही, माह्याकडे नाही. शेवंताचा हात माह्या हातातून काढून आपल्या हातात घेतला. अन् सासूपुढं उभी राहून, साऱ्या अंगनाले आयकू जाईन अशा आवाजात बोलली. जाडा, भरीव आवाज होता तिचा, मी पहिल्यांदा आयकला.

ती म्हनली, आत्याबाई, चुडा भरलेली पोरगी घरात ठेवत नाहीत, तिची पाठवनी करतात. सकाळी मी शेवंताले शाळेत पाठवते.