केप व्हर्डेला न गेलेली मुलगी

...आणि वर मलाच विचारते, "काय गं जांदिरा, केप व्हर्डेत हवा कशी आहे?" आता काय सांगू हवा? अहो, केप व्हर्डे म्हणजे आफ्रिकेजवळची बेटं, आमचे लोक मूळचे तिकडचे, पण मी जन्मात विमानात बसलेले नाही! ब्रॉक्टन सोडून गेले ती फार तर बॉस्टनपर्यंत, तीही अक्कलदाढ काढायला! आणि विचारणारी कोण, तर फिलोमेना मावशी. सख्खी नव्हे हो, आईची चर्चमधली मैत्रीण. पण आमच्यात आईच्या वयाची प्रत्येक बाई मावशीच असते आणि प्रत्येक मावशीला तुमच्यावर खेकसायचा परवाना असतो. ही मावशी दर रविवारी चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर बसते. रविवारी मागे वळून मला म्हणाली, "ते च्युइंगम थूक आधी." आणि सोमवारी शाळेच्या ऑफिसात, जिथे ती कारकून आहे, कॉम्प्युटरकडे बघत, तीच बाई मला विचारते, तिकडे पाऊस झाला का!

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल पोरीचं डोकं फिरलंय. फिरलंयच, पण फिरवलं कुणी ते ऐका.

आमची शाळा म्हणजे स्टीप हिल अकॅडमी. सगळं ब्रॉक्टन तव्यासारखं सपाट, टेकडी औषधाला नाही, पण नाव स्टीप हिल! चार्टर शाळा. म्हणजे पैसा सरकारचा, कारभार खासगी मंडळाचा, आणि दर पाच वर्षांनी राज्याकडून परवाना नव्याने करून घ्यायचा. मुलं सोडतीने घेतात. जिममध्ये गोल पिंजरा फिरवतात, त्यातून चेंडू काढतात, चेंडूवर नंबर. आमच्या आईने वृद्धाश्रमातली पाळी बदलून घेतली होती त्या दिवशी. माझा नंबर निघाला तेव्हा आई अशी रडली, अशी रडली, शेजारच्या बाईला वाटलं नंबर निघाला नाही. मग आईने चाळीस पानांच्या करारावर सही ठोकली. वाचला का? छे! मोठ्या माणसांना वाचायला कुठे वेळ असतो? त्यांना फक्त विश्वास ठेवायचा असतो, आणि फळं आपण भोगायची.

शाळेत कुणी मुलं नसतात, सगळे 'स्कॉलर'. कॉरिडॉरमध्ये निळी पट्टी चिकटवलेली, तिच्यावरून एकामागून एक, मुकाट्याने चालायचं. टाळ्या वाजवायच्या नाहीत, चुटक्या वाजवायच्या. मोजे काळेच. एक बाई आहे, मिस हॉलनबेक, हुद्दा काय तर 'डीन ऑफ कल्चर'. मला वाटलं नाटकं-गाणी बसवत असेल. संस्कृती म्हणजे काय हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं... बाई दारात उभी राहून मोजे बघते! हातात टॅब्लेट. मोजा करडा दिसला, दोन गुण वजा. डोळे फिरवले, तीन वजा. दहा गेले की शाळा सुटल्यावर तासभर बसायचं. ऑक्टोबरात माझे डोळे फिरवल्याबद्दल तीन गेले. ते ऐकून मी एक उसासा टाकला, साधा उसासा हो, माणूस टाकतो तसा! त्याचे पाच गेले. उसाशाचे पाच! मी दप्तर उचललं आणि निघाले.

आता तुम्हाला वाटेल कुणी तरी मागे आलं असेल, बाळ थांब, शिक्षण अर्धवट सोडू नकोस... आलं की! ब्रॅडॉक सर पार्किंगपर्यंत आले. हे आमचे मुख्य. वय छत्तीस, पायात धावायचे बूट, टेबलही उभं, बसतच नाही माणूस. दोन वर्षं कुठेतरी शिकवलं, मग कंपन्यांना सल्ले विकले, मग एकदम आमच्या डोक्यावर. पार्किंगमध्ये उभे राहून, मान तिरकी करून, आवाज असा मधात बुडवून मला म्हणतात, "जांदिरा, ही वाट तुझ्यासाठी नसेलही. दुसरीकडे तू जास्त फुलशील." मी म्हटलं दुसरीकडे म्हणजे कुठे? तर म्हणाले, "जग मोठं आहे."

जग मोठं आहे! तेव्हा मला कळलं नाही की हा माणूस मनात नकाशा उघडून बसलाय.

मी काही हातावर हात ठेवून बसले नाही. हिवाळाभर मामाबरोबर कामाला गेले. मामा इलेक्ट्रिशियन आहे, लोकांच्या तळघरात वायरी ओढतो. मला ते आवडलं. वायर खोटं बोलत नाही. जोडली तर दिवा लागतो, नाहीतर झटका बसतो, मध्ये कुणाचा हुद्दा नाही. मामा म्हणाला, "युनियनच्या उमेदवारीत शीर. पाच वर्षं पगार घेऊन शिकशील. पण ऑगस्टच्या आत बारावीच्या बरोबरीची परीक्षा पास झाल्याचा कागद आण." परीक्षेचा वर्ग लायब्ररीच्या तळमजल्यावर, एप्रिलपासून, फुकट. मी नाव घालायला गेले. तिथल्या बाई चांगल्या, पण म्हणाल्या, "तू सतराची ना? मग शाळा सोडल्याचं पत्र लागेल. शाळेच्या कागदावर." मी म्हटलं एवढंच? आत्ता आणते!

एवढंच! आता आलं ना लक्षात? तर मी ऑफिसात गेले, फिलोमेना मावशी खुर्चीत, तिने माझं नाव टाकलं, चष्मा वर केला, खाली केला, आणि तो हवेचा प्रश्न.

"मावशी, मी इथेच आहे. तुम्ही मला काल बघितलंत."

"मी बघितलं गं, पण ह्याने बघितलं नाही ना," मॉनिटरवर टिचकी मारून म्हणते. "इथे लिहिलंय, देश सोडून गेली. केप व्हर्डे, प्राया शहर."

"कुणी लिहिलं?"

"मीच लिहिलं. मला सांगितलं तसं लिहिलं. तू ओरडू नकोस, मला रक्तदाब आहे."

आणि मग हळूच, इकडे तिकडे बघून, मावशीने मला विद्या सांगितली. ऐका, फार उपयोगाची आहे. पोरगं दुसऱ्या राज्यात गेलं असं लिहिलं तर तिकडच्या शाळेचा कागद दाखवावा लागतो. परदेशी गेलं असं लिहिलं तर कुणी म्हणजे कुणी विचारत नाही! म्हणून आमच्या शाळेतून नको झालेली पोरं समुद्रापार जातात. आमची केप व्हर्डेला. हैतीवाल्यांची हैतीला. एक आयरिश पोरगा होता, त्याला सुद्धा आयर्लंडला पाठवलाय, बिचारा मॉलमध्ये पिझ्झा भाजतो! शाळेला साधं लिहिता येत नाही, 'गळाली'? नाही येत. का? तर दारावर दहा फुटी फलक आहे, स्टीप हिलमधून कुणी गळत नाही!

मी सरळ ब्रॅडॉक सरांच्या खोलीत घुसले. सर उभेच. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या, हिरव्या, पिवळ्या, लाल, प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक पोरगं. मी म्हटलं, सर, दोन ओळी लिहून द्या, ही मुलगी ऑक्टोबरात शाळा सोडून गेली, बास. सरांनी छातीवर हात ठेवला.

"जांदिरा, मी खोटं कसं लिहू? स्टीप हिलमधून कुणी गळत नाही."

"पण सर, मी गळाले! तुमच्यासमोर, पार्किंगमध्ये!"

"तू स्थलांतर केलंस."

"मी चालत घरी गेले. सात मिनिटं लागली!"

"बघ," सर म्हणाले, आणि पुन्हा तो मध, "दोन आठवड्यांनी परवान्याची सुनावणी आहे. राज्याचे लोक एकेक आकडा बघणार. नऊशे स्कॉलरांच्या भवितव्याचा प्रश्न आहे. आणि तू फक्त स्वतःचा विचार करतेस?"

आहे की नाही कमाल? सतरा वर्षांच्या पोरीने एक पत्र मागितलं तर ती आपमतलबी, आणि तिला कागदावर बोटीत घालून हाकलणारा हा नऊशे पोरांचा बाप! तरी मी गोड बोलले. मी म्हटलं, बरं, मी परत आले असं तरी लिहा. तर म्हणाले, "त्याला पुरावा लागेल. विमानाचं तिकीट आहे?" गेले तेव्हा पुरावा नको, येताना मात्र तिकीट दाखवा!

घरी येऊन आईला सांगितलं. आई कचूपा ढवळत होती, मका-घेवड्याचा तो रगडा आमच्याकडे तीन तास शिजतो आणि तेवढा वेळ आई कुणाचं ऐकत नाही. म्हणाली, "साहेबांनी लिहिलंय म्हणजे काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल." आई, मी तुझ्यासमोर उभी आहे! "तू उलट बोलतेस म्हणून हे होतं. त्यांनी मला टी-शर्ट पाठवलाय. सुनावणीला पालक म्हणून बोलवलंय." माझी आई, जिची मुलगी शाळेत नाही, तिला पालक म्हणून टी-शर्ट! केशरी. पाठीवर, ओळखा... स्टीप हिलमधून कुणी गळत नाही! आणि आईने तो इस्त्री केला हो. शिसारी आली मला.

सुनावणी जिममध्येच, ज्या जिममध्ये माझा चेंडू निघाला होता. दोनशे पालक केशरी. राज्याकडून आल्या होत्या ट्रेंब्ले बाई, जाड चष्मा, समोर जाड फाईल, तोंडावरची माशी हलत नव्हती. ब्रॅडॉक सर पडद्यावर आकडे दाखवत होते, रेघा नुसत्या वर वर चढणाऱ्या, तीच काय ती आमच्या गावातली टेकडी. शेवटी विचारलं, कुणाला बोलायचंय? मी उठले.

"माझं नाव जांदिरा फोंतेस. मी ह्या शाळेतून गळालेली आहे. मला तसं पत्र हवंय."

ट्रेंब्ले बाईंनी फाईलमध्ये बोट फिरवलं. "फोंतेस... तू केप व्हर्डेला आहेस."

"नाही हो बाई, मी इथे आहे!"

आणि ब्रॅडॉक सर... मानलं बुवा त्या माणसाला! एक क्षण सुद्धा घेतला नाही. माइक उचलला आणि म्हणाले, "मित्रहो, ही मुलगी समुद्र ओलांडून आपल्या शाळेसाठी परत आलीय!" दोनशे केशरी माणसं चुटक्या वाजवायला लागली. पावसासारखा आवाज. मी ओरडतेय, नाही, नाही, सात मिनिटं, चालत... पण चुटक्यांत कोण ऐकतंय?

तेवढ्यात मागून आवाज आला. "कुठला समुद्र?"

आई! आमची आई, केशरी टी-शर्टातली, उठून उभी. "कुठला समुद्र ओलांडला हिने? घरातली बादली ओलांडत नाही ही! केप व्हर्डेला गेली होती तर पाच महिने माझ्या फ्रीजमधली कचूपा कोण संपवत होतं? तुमचे साहेब?"

खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला आई पहिल्यांदा आवडली. पुढच्या बाकावर फिलोमेना मावशीने क्रॉसची खूण केली आणि डोळे मिटले. ट्रेंब्ले बाईंनी पेन काढलं आणि बराच वेळ लिहिलं. मला वाटलं, जिंकले!

मोठ्या माणसांकडून न्याय मागायचा नसतो. मागितला की तो मिळतो, हाच त्यातला धोका.

आठवड्याने राज्याचा निकाल आला. परवाना दिला, पाच वर्षं, सोबत कडक ताकीद: मुलगी देशातच असल्याने नोंद चुकीची, ती तत्काळ दुरुस्त करावी आणि मुलीला पटावर परत घ्यावं. परत घ्यावं! मी धावत ऑफिसात. मावशीने माझ्यादेखत 'परदेशी' पुसलं आणि लिहिलं, 'हजर'. मी म्हटलं, ठीक, आता मी शाळेत आहे ना? मग आता सोडते. द्या पत्र. तर मावशीने खणातून तो चाळीस पानी करार काढला, पान एकतीस, खाली आईची सही, वळणदार. शाळा सोडायची तर आधी सलग दहा दिवस हजेरी आणि मग मुख्यांशी भेट. "निर्णय रागात होऊ नये म्हणून," मावशी म्हणाली. "चांगला नियम आहे तसा."

लायब्ररीतल्या बाई देवमाणूस. म्हणाल्या, वर्ग सुरू झाला तरी महिनाअखेरपर्यंत तुझी खुर्ची धरून ठेवते. मी हिशोब घातला, दहा दिवस, बसतंय! दाताखाली जीभ धरली, काळे मोजे घातले, निळ्या पट्टीवरून चालले. चुटक्या वाजवल्या. एक दिवस, दोन दिवस... मिस हॉलनबेकला सुप्रभात म्हटलं, तुम्हाला सांगते, सुप्रभात! आठ दिवस. काल नववा. शेवटच्या तासाला सगळ्यांना जिममध्ये नेलं. नवीन फलकाचं उद्घाटन. पडदा ओढला, तर फलकावर माझा फोटो! जिममध्ये हात हलवत ओरडतेय तो. खाली लिहिलेलं, 'ती परत आली.' आणि त्याखाली तेच दारावरचं वाक्य, मोठ्या अक्षरात.

मी काही बोलले नाही. आईशप्पथ, एक शब्द नाही. डोळे सुद्धा फिरवले नाहीत. पण आतून आपोआपच... एक उसासा निघाला. लांबलचक.

टॅब्लेटवर टक् टक् आवाज आला. समारंभात उसासा, गुन्हा दुसऱ्यांदा, एक दिवस निलंबन. म्हणून आज तुमच्यासमोर मोकळी उभी आहे. उद्यापासून हजेरी पुन्हा एकपासून. दहा दिवस मोजले तर महिना उलटतो, आणि लायब्ररीतली खुर्ची दुसऱ्या कुणाची तरी.

त्यामुळे मी आता त्या फलकाला खोटा म्हणत नाही. खरंच आहे हो ते, अक्षरन् अक्षर. स्टीप हिलमधून कुणी गळत नाही... गळू देतील तेव्हा ना!