गच्चीवरचा पाहुणा आणि बाईंची छत्री

आदरणीय अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील नवे मुख्याध्यापक सर, संस्थेचे पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती आमच्या मोठ्या बाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, शिक्षकवृंद, पालक आणि पुढे सतरंजीवर चुळबुळ करणाऱ्या बालमित्रांनो,

मी शिडीवर चढणारा माणूस. व्यासपीठावर चढायची मला सवय नाही, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या. आधीच्या वक्त्यांनी बाईंची शिस्त, बाईंचं गणित, बाईंनी घडवलेल्या पिढ्या असं सगळं सांगून टाकलं. माझ्या वाट्याला फक्त शाळेची गच्ची उरली. मला तेवढीच हवी होती.

या गच्चीवर एक पांढरा डबा आहे. मुलांना तो ठाऊक आहे, पाहुण्यांसाठी सांगतो. हवेतली उष्णता आणि धूळ मोजायची, आकडे बिनतारी पुढच्या डब्याकडे द्यायचे, त्याने त्याच्या पुढच्याला द्यायचे, असं करत ते आमच्या कार्यालयात पोचतात. शाळा, वाचनालयं, सभागृहं अशा इमारतींवर आम्ही ही साखळी बांधली. एका डब्याला दुसरा दिसला पाहिजे. मधे भिंत आली की बोलणं बंद. माणसांचंही तसंच असतं म्हणा.

हा डबा घेऊन मी इथे पहिल्यांदा आलो तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. बाकी सगळीकडून मी हात हलवत परत आलो होतो. कुणी म्हणे, यातून किरण निघतात. कुणी म्हणे, वरून परवानगी आणा. आणि वरचे म्हणत, खालच्यांना विचारा. बाईंनी मला खुर्ची दिली, चहा मागवला, डबा टेबलावर ठेवून घेतला. चष्मा पुसून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "हा राहणार किती दिवस? खाणार काय? आणि आजारी पडला तर बोलवायचं कुणाला?"

घरी पाहुणा ठेवून घेताना विचारावेत असे प्रश्न. मी म्हणालो, "बाई, बरीच वर्षं राहील. खाण्यापिण्याचं त्याचं तो बघतो, शाळेच्या विजेला हात लावणार नाही. आणि आजारी पडला तर मी आहेच."

"मग राहू दे," बाई म्हणाल्या. "आपल्या छपरावर आला तो आपला."

पुढे काय झालं ते सांगू का, बाई? रागावणार नाही ना?

काही दिवसांनी आमच्या कार्यालयात कौतुक सुरू झालं. सगळं गाव तापलेलं, पण या शाळेवरची हवा गार! आमच्या साहेबांनी तर शाळेच्या आवारातल्या झाडांवर भाषण तयार केलं. आणि मग एके दिवशी डबाच गप्प झाला. ऐन वैशाखाचं ऊन तोंडावर आलेलं. मी धावत आलो, गच्चीवर गेलो, आणि पाहतो तर काय? डब्यावर ऐसपैस काळी छत्री! दांडा खांबाला केसांच्या लाल रिबिनीने बांधलेला, वर घट्ट गाठ.

बाई मागून धापा टाकत आल्या. म्हणाल्या, "अहो, दिवसभर उन्हात उभा असतो बिचारा. मुलांना तरी आपण असं उन्हात उभं करतो का?"

मी म्हटलं, "बाई, वरची काळी पाटी आहे ना, ती ऊन खाते. ऊन हेच त्याचं जेवण."

बाईंचा चेहरा पडला. "म्हणजे इतके दिवस मी त्याला उपाशी ठेवलं?" त्यांनी गाठ सोडली, छत्री मिटली आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर स्वतःच सांगितलं, की माया करताना समोरच्याला काय लागतं ते आधी विचारावं. साहेबांचं भाषण मात्र वाया गेलं.

आज हसू येतं. पण त्या दिवशी मी एवढा धावत का आलो, ते मी बाईंना कधी सांगितलं नाही. ओढ्यापलीकडे पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. तिथल्या डब्याला फक्त या शाळेचा डबा दिसतो. तिथला आकडा चढला की दवाखान्यातल्या नर्सताईंना निरोप जातो आणि त्या म्हाताऱ्या माणसांची दारं ठोठावत फिरतात. त्यातलं एक दार माझ्या आईचं आहे. ती पत्र्याखालून हलायला तयार नाही. दार वाजलं की म्हणते, "आली बघ तुझ्या डब्याची मैत्रीण." वशिला वाटेल म्हणून मी हे बोललो नव्हतो.

आता सुट्टीत या गच्चीवर नवे वर्ग चढणार. मुलं वाढली, आनंदच आहे. सरांची यात काही चूक नाही. पण डबा उतरवावा लागणार. वाचनालय बुटकं पडतं, तिथून वस्तीतला डबा दिसत नाही, आणि समोरच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी पुन्हा किरणांचा विषय काढला. जागा मिळाली नाही तर वस्ती मुकी होणार. उन्हाळा काही कुणाच्या जागेसाठी थांबत नाही. गेले कित्येक दिवस माझं जेवणात लक्ष नव्हतं.

अशात बाईंच्या यजमानांचा फोन आला. "आमच्या गच्चीवरून ओढ्यापलीकडचे पत्रे दिसतात. येऊन बघा. हिला सांगू नका." बाई काल इथे कपाटं आवरत होत्या, तेव्हा काका आणि मी त्यांच्या गच्चीवर टोकाला चाचणीचा डबा बांधलेला बांबू धरून उभे होतो. काकांच्या टोपीचं काय झालं ते विचारू नका, पण वस्तीतला डबा बोलला. स्पष्ट बोलला. काका म्हणाले, "माझी ना नाही. पण आमच्या घरात गच्चीचा निर्णय माझ्याकडे कधीच नव्हता."

म्हणून बाई, सर्वांसमक्ष विचारतो. पाहुणा तुमच्या घरी आणू का?

राहणार किती दिवस? तुम्ही ठेवाल तितके. खाणार काय? ऊन. आजारी पडला तर? केस गेले, पण मी आहे.

बाई डोळे पुसतायत आणि मान हलवतायत. काहीतरी म्हणतायत... मागच्या रांगांसाठी माइकवर सांगतो. बाई म्हणतात, "छत्री लावणार नाही."

बाई, तुमचे आभार मानायला मला शब्द सुचत नाहीत, काकांचेही. अध्यक्षांनी घंटी वाजवली नाही, हा त्यांचा मोठेपणा. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर शिडीवरचा माणूस म्हणून पोटात घाला. आता रजा द्या. खाली उतरून आधी आईला फोन करायचा आहे.