आग न्हवं, दिवा हुता

माजा हात आदी चालतो आन् तोंड मागनं, ह्ये पयलं लिवा, म्हंजी फुडं वाचनाऱ्यानं नाक मुरडाय नगं. मी सुलाबाई, उंब्रजची. हायवेकडंला बाचं पंक्चरचं दुकान हुतं, ट्रकची टायरं काढायची, जोडायची, हवा भरायची, आमी पोरं त्या टायरातच वाढलो. बा मला हवालदार म्हनायचा, कारन मी कुनालाबी हानायची, थोरल्या भावाला सुदीक. आन् काय सांगू तुमाला, ट्रकच्या चाकाला लोखंडाची रिंग असती, ती नीट बसली न्हाई आन् हवा भरली की उडती, आन् उडली की बंदुकीची गोळी बरी. बाच्या छातीवर बसली. मी च्या घ्येऊन यीत हुते. आवाज झाला, बा भिताडावर जाऊन आपटला, तोंडातनं रगात आलं, शबूद न्हाई आला. तवापास्नं कुनी म्हनलं, हवाच तर हाय, की माजं डोस्कं फिरतं. हवा दिसत न्हाई म्हनून लोकास्नी ती गरीब वाटती. गरीब न्हाई, मारकी हाय ती.

मग लगीन करून कुपवाडला आले. नवरा एका कारखान्यात लेथवर हुता. पयल्या वर्सी दारू पिऊन त्येनं हात उचलला, मी लाटनं उचललं, दोगांच्याबी डोक्याला टाकं पडलं, एकाच दवाखान्यात, एकाच बाकड्यावर बसून. डाक्टरनं इचारलं, कशानं झालं, तर दोगंबी म्हनलो, जिन्यावरनं पडलो. आमच्या घराला जिना न्हवता. त्यापुढं न्हाई त्येनं हात उचलला, न्हाई मी, आन् संसार ब्येस झाला बगा.

त्येच्याच कारखान्यात मी लागले. आदी तितं हवेच्या टाक्या बनायच्या, आता ही ऑक्सिजनची पेटी बनती, घरात ठिवायची. मानूस आत झोपतं, दार लावायचं, आत दाब वाढवायचा, ऑक्सिजन सोडायचा, चिघळल्याली जखम भरती म्हनत्यात. भरती का न्हाई ते डाक्टरला इचारा. माजं काम येवडंच, की पेटीनं मानूस मारू नये. दाब भरायचा, सांध्यासांध्यावर साबनाचं पानी लावायचं, बुडबुडा आला की पेटी माघारी. जादा दाब सोडायची झडप उघडती का बगायची. मग आत मी सोता बसायचं, कानाला दडं बसत्यात, डोस्कं जड व्हतं, पर मी बसल्याबिगार पेटी भाईर जात न्हाई. एकदा आमचा सुपरवायझर खिशात मोबाईल घ्येऊन आत बसाय निगाला, त्येच्या कानाखाली जाळ काढला मी, सगळ्या कामगारांदेखत. आवं, जाळ कानाखाली निगाल्याला बरा. ऑक्सिजन कापडात मुरतो, गादीत मुरतो, क्येसात मुरतो, मग येवडीशी ठिनगी पडली तर वराडायला येळ गावत न्हाई.

आता पलूसचं सांगती. तितं एक रिटायर सुभेदार हुते, रान काय तीस बत्तीस एकर न्हवं हां, बेताचाच ऊस, पर मानूस ताठ. साखरेच्या आजारानं उजव्या पायाला जखम झाली, ती काळी पडत वर चालली, सांगलीच्या डाक्टरनं सांगितलं, भरली तर भरली, न्हाईतर गुडघ्यातनं काढावा लागंल. सुभेदार म्हनले, मला गोळी घाला, पाय काढू नगा. म्हनून त्येंचा ल्योक संजू, त्येनं आमची पेटी घरात आनली. तो पाय वाचवायचा येवडंच त्या घराला दिसत हुतं, दुसरं काय न्हाई. सुभेदाराची बायकू, काकी म्हनायची मी तिला, तिनं तर म्हनं उपास धरल्यालं.

मी आन् आमचा टेम्पोवाला पेटी घ्येऊन ग्येलो. उंबऱ्यावरच मी इचारलं, घरात आग हाय का? काकी म्हनली, न्हाई गं बाई, गॅस बंद क्येलाय, चूल कवाच इजवली. सुभेदाराच्या बिड्या, काडीपेट्या, समदं संजूनं उचलून शेजारी न्हेऊन ठिवलं. मी म्हनलं, शानी मानसं हायत. पेटी बसवली, मी आत बसून भाईर आले, ऑक्सिजन भरून सांधं बगितलं, दार उगडलं. आन् मागल्या अंगाला ऑक्सिजनच्या मशीनच्या नळीचा एक सांधा ऱ्हायला हुता, म्हनून मशीन चालूच ठिवून मी वाकून त्येला साबन लावत हुते.

सुभेदाराला कुटला दम! मिल्ट्रीतला मानूस, न बोलवताच आत शिरून आडवा झाला, पाय दाराकडं. मला आदी वास आला, खोबऱ्याच्या त्येलाचा. काकीनं त्येंचं डोस्कं त्येलानं थापल्यालं. मग बांगड्या वाजल्या. मान वर करून बगती तर काकी ताट घ्येऊन खोलीच्या दारात, हळद, कुकू, सुपारी आन् मदी पेटल्यालं निरांजन! देवघरातनं आनलं हुतं. आवं, तो बॉर्डरवर जायाचा तवा दर बारीला तिनं त्येला ववाळल्यालं, आन् दर बारीला तो जित्ता माघारी आल्याला. मग ह्या पेटीत त्येला तसाच कसा धाडंल ती? मी आग इचारली हुती. निरांजन म्हंजी आग, ह्ये तिच्या सपनातबी न्हाई. ती आग न्हवं, दिवा हुता.

मी वराडले, काकी, दिवा इजवा!

आता तुमी बी मराठी मानूस हाय, सांगा, दिव्याला इजवा म्हनत्यात का? दिवा शांत करा म्हनत्यात, दिवा मोठा करा म्हनत्यात. इजवत्यात ती चूल. आन् मी म्हनले कवा, तर आजारी नवऱ्याला ववाळताना, सवाष्णीच्या तोंडावर. काकीनं डोळं वटारलं, म्हनली, जीभ झडंल तुजी भवाने, आन् सरळ फुडं झाली. लोक म्हनत्यात, सुलाबाई, गोड बोलली असतीस तर ऐकलं असतं तिनं. मी काय तितं शबूद निवडत बसू, तांदूळ निवडल्यावानी?

मी झडप घातली आन् तिच्या मनगटावर असा फटका हानला की ताट गरगरत भिताडावर ग्येलं. समदं भाईरच्या अंगाला पडलं, पर ती मेली वात, त्येलात भिजल्याली, जळतीच पेटीच्या दाराशी लोंबनाऱ्या गादीच्या चादरीवर पडली. काय सांगू. भडका म्हनत्यात तो म्या तवा बगितला. फाऽऽ करून जाळ आत शिरला, जनू वाटच बगत हुता. मला सुभेदाराचं दोन पाय तेवडं दिसलं. जो हातात घावला तो धरला आन् वडला, सारं अंग मागं टाकून वडला, बैलानं गाडी वडावी तसा. आन् घावला तो नेमका तोच, पट्टी बांदल्याला. पट्टी सुटून हातात आली, त्याबरुबर कातडंबी आलं. सुभेदार असा वराडला, असा वराडला, मी तरीबी सोडला न्हाई. धाडदिशी खाली फरशीवर पाडला त्येला, डोक्याचा जाळ माज्या पदरानं दाबला.

तेवड्यात संजू आत आला. त्येला काय दिसलं? आई भुईला पडल्याली, मनगट धरून रडतीया, बाप किंचाळतोय, आन् परकी बाई, हातात दुखऱ्या पायाची रगताळ पट्टी, त्येचं डोस्कं फरशीवर दाबून धरतीया. त्येनं टेम्पोवाल्याचा पाना उचलला आन् माज्या तोंडावर घातला. फुडचं दात ग्येलं, रगताची गुळनी झाली. मी त्येच्या जागी असते तर मीबी घातला असता, आन् जोरात. मग पेटीकडं नजर ग्येली त्येची, आन् पाना हातातनं गळाला. टेम्पोवाल्यानं मशीन बंद क्येलं म्हनून घर वाचलं.

सुभेदार जगले. पाठ भाजली, क्येस ग्येलं, आन् पाय काढला, गुडघ्याच्या बी वरनं. पाय वाचवायला पेटी, आन् पेटीतनं वाचवताना पाय ग्येला. डाक्टर म्हनला, तसाबी तो ग्येलाच असता. खरं म्हनला का माजं मन राखलं, म्या इचारलं न्हाई. आता कुनाच्याबी घरी पेटी न्हेली की मी उंबऱ्यावर एकेकाचं नाव घ्येती, चूल, बिडी, समई, निरांजन, उदबत्ती, कापूर, डोक्याचं त्येल. लोक हासत्यात. हासू द्या.

कारखान्याचा मालक म्हनला, तिकडं फिरकू नगं, पोलिसात देतील. पर माजा जीव लागंना, ग्येले एक दिस. सुभेदार खाटंवर बसल्याले. काकी उटली, आन् एक सनसनीत माज्या मुस्काटात दिली. माजाबी हात वर ग्येला, खोटं कशाला सांगू. पर ती माज्याच खांद्यावर कोसळली, आन् मग आमी दोगी मोट्यानं रडलो, शेजारपाजार गोळा झाला. मग डोळं पुसून म्हनली, आता जेवल्याबिगार जायाचं न्हाई. ज्वारीची भाकरी आली म्होरं, मी नुसती बगतीया, कशानं चावू? संजूनं माज्याफुडनं ताट वडून घ्येतलं, दुदात भाकरी कुस्करली, लय येळ गाठी मोडत बसला, आन् ताट परत सरकावलं. मान वर क्येली न्हाई त्येनं. सुभेदार म्हनले, बाई, तुमी पाय धरला तवा मारताय का तारताय ते कळंना. मी म्हनलं, मला तरी कुटं कळत हुतं. मग खाल्ली ती भाकरी, समदी खाल्ली.

आता सुभेदार कुबडीवर रानात जात्यात, उसाला पानी आलं का बगत्यात. आन् कवा कवा मला फोन करत्यात. नसल्याला पाय दुकतो म्हनं, बोटं ठनकत्यात, जी बोटंच न्हाईत ती. दुकाय लागलं की मला आयमाईवरनं शिव्या घालत्यात, मिल्ट्रीतल्या हिंदीतनंबी, मराठीतनंबी. मी फोन कानाला लावून समद्या ऐकती. शिव्या देतोय म्हंजी मानूस हाय न्हवं. देवानं त्येला अजून लय वर्सं शिव्या द्यायला ठिवावं.