आतून कडी नाही

तहसील कचेरीत दाखल्याच्या रांगेत माझ्या पुढं सासू-सुना उभ्या होत्या. सुनेच्या खांद्यावरचं तान्हं बाळ केव्हापासून रडत होतं.

“क्रांती, पाज की गं त्याला. घसा सुकला लेकराचा.”

“हितंच बसून पाजू, आत्ती?”

“एवढ्या माणसांत? त्या शिपायानं मघाशी खोली दावली न्हवं? हिरकणी कक्ष म्हणून पाटी हाय की दारावर.”

“तिथं नगं. दाराला आतनं कडी न्हाय.”

“मग काय झालं? बायकांची खोली ती. कोण येतंय?”

“मागल्या सोमवारी मी एकटी आलते, तवा आत आलता एकजण. मी पाजत हुते. पंखा बघाय आलोय म्हणाला आणि पंख्याकडं बघितलंच न्हाय. बाळ दूध सोडंना, मला उठताबी येईना.”

“आणि घरात बोलली न्हाईस?”

“तुमी मलाच इचारलं असतं, पदर नीट का घेतला न्हाईस म्हणून.”

सासूनं रडणाऱ्या बाळाच्या पाठीवरून हात फिरवला.

“अंगणवाडीच्या बाई सांगत हुत्या, आईला कुठंबी पाजायचा हक्क हाय. हितं चार माणसं तरी हाईत, आत्ती.”

“कोण हुता त्यो?”

“हळू बोला. खोली दावली, त्योच. बघू नगासा, हिकडंच याय लागलाय.”

“ताई, लेकरू लई रडायलंय. चला, खोली उघडून देतो.”

“आत्ती...”

“बस हितंच, क्रांती. पाज त्याला.”

सासू शिपायाकडं वळली. तिचा आवाज सगळ्या रांगेला ऐकू गेला.

“काय वो पावणं, पंखा झाला का नीट?”