आईची हायब्रिड सायकल

पंक्चर काढायला सायकलच्या दुकानात थांबलो होतो. शेजारी एक नर्सबाई आणि त्यांची मुलगी सायकली बघत होत्या.

"आई, ही रेसची बघ. किती हलकी आहे!"

"तिच्यावर वाकून बसावं लागतं गं. मला समोरचा रस्ता बघायचाय."

"मग ही जाड टायरची?"

"ती डोंगरात ठीक. रोज नऊ किलोमीटर ओढताना जीव जाईल माझा. दादा, दोन्हींच्या मधली ती हायब्रिड दाखवा. सरळ हँडलची. मडगार्ड बसेल ना? गणवेश पांढरा आहे माझा."

"बसेल की! ताई, तुम्ही तर सगळा अभ्यास करून आलात."

"आई, पण तुला सायकल येते कुठे?"

"येते. सकाळची बस बंद झाली ना, तेव्हा शिकले. ड्युटी संपली की हॉस्पिटलच्या मागच्या आवारात, शिपायाच्या सायकलवर. दीड महिना."

"म्हणजे तो गुडघा... तू तर जिन्यात पडले म्हणालीस!"

"खरं सांगितलं असतं, तर शिकू दिलं असतंस?"

"अगं, बावन्न वर्षांची आहेस तू! जवळच्या दवाखान्यात बदली मागायचीस."

"न मागता देत होते. मीच नको म्हटलं. आमच्या वॉर्डात तळहाताएवढी बाळं असतात. त्यांना दूध पाजायला हात बसलेला लागतो."

"ताई, एक चक्कर मारून बघा."

"आई, सावकाश! हात दाखव वळताना!"

"वळल्या की व्यवस्थित."

"पायसुद्धा टेकवला नाही! दादा, बघितलंत ना? माझी आई आहे ती."